बायबलचा मोकळा अभ्यास कुठून सुरू करावा

ख्रिस्ती घरात वाढलेल्या मुलाला बायबलबद्दलचा पहिला प्रश्न बहुधा नववी-दहावीत पडतो. शाळेत उत्क्रांतीचा धडा असतो आणि रविवारी संडे स्कूलमध्ये सहा दिवसांची निर्मिती. घरी विचारलं तर ‘वचनावर शंका घेऊ नये’ एवढंच उत्तर मिळतं. मग काही जण प्रश्न गिळून टाकतात, काही जण चर्चला जाणंच सोडतात. तिसरी वाटही आहे आणि ती ख्रिस्ती परंपरेतलीच आहे: श्रद्धा न सोडता, प्रश्न हातात घेऊन बायबलचा अभ्यास करणं. यालाच उदारमतवादी अभ्यास म्हणतात. हा लेख त्या वाटेवर नव्याने येणाऱ्यांसाठी आहे. तुम्ही जालन्याच्या मंडळीतले असा, संभाजीनगरच्या, बीडच्या किंवा परभणीच्या. ख्रिस्ती नसाल पण ग्रंथ समजून घ्यायचा असेल, तरीही हरकत नाही.

उदारमतवादी म्हणजे नेमकं काय

आपल्याकडे उदारमतवादी म्हटलं की विश्वास ढिला झालेला माणूस डोळ्यांपुढे येतो. हे चित्र चुकीचं आहे. उदारमतवादी ख्रिस्ती माणूस देवाला मानतो, ख्रिस्तामागे चालतो, प्रार्थना करतो. त्याचं म्हणणं एवढंच की बायबल आकाशातून तयार होऊन पडलेलं नाही. देवाचा अनुभव घेतलेल्या माणसांनी ते अनेक शतकांत लिहिलं, आपापल्या काळाच्या समजुतीने लिहिलं. म्हणून त्यात देवाची हाक ऐकू येते, तसा त्या माणसांचा काळ, त्यांची भीती आणि त्यांची आपसातली भांडणंही दिसतात. ती ओळखायला इतिहास, भाषांचा अभ्यास आणि पुरातत्त्व यांची मदत घेण्यात काही पाप नाही.

हे काल-परवाचं फॅडही नाही. तिसऱ्या शतकातल्या ओरिजेन या ख्रिस्ती धर्मपंडिताने लिहून ठेवलं आहे की देवाने शेतकऱ्यासारखी एदेन बागेत झाडं लावली हे कोणी शब्दशः घेऊ नये. आधुनिक काळात जर्मनीच्या श्लायरमाखर या धर्मपंडिताने १७९९ मध्ये सुशिक्षित टीकाकारांना उद्देशून धर्मावर व्याख्यानवजा पुस्तक लिहिलं, तिथून या प्रवाहाची सुरुवात मानतात. मला मात्र जॉन कोलेन्सोंची हकिगत जास्त जवळची वाटते. ते दक्षिण आफ्रिकेत नाताल प्रांताचे अँग्लिकन बिशप होते. झुलू भाषेत बायबलचं भाषांतर करत असताना जलप्रलयाचा भाग आला आणि त्यांच्या झुलू सहकाऱ्याने विचारलं, हे सगळं खरंच असं घडलं का? कोलेन्सोंनी त्याला गप्प बसवलं नाही. ते स्वतः अभ्यासाला बसले आणि १८६२ पासून त्यांनी पंचग्रंथावर, म्हणजे बायबलच्या पहिल्या पाच पुस्तकांवर, पुस्तकं छापली. त्यासाठी त्यांच्यावर पाखंडाचा खटला चालला. ज्यांना आपण धर्म शिकवायला गेलो, त्यांच्याच प्रश्नाने त्या बिशपचं वाचन बदललं, हे मला फार मोलाचं वाटतं.

प्रत आणि वही

बायबल सोसायटीचं ‘पवित्र शास्त्र’ बहुतेक ख्रिस्ती घरांत असतंच. नवी प्रत घेणार असाल तर समासात किंवा तळाला संदर्भ छापलेली घ्या. एका वचनावरून दुसऱ्या वचनाकडे जाता येणं हा या अभ्यासाचा अर्धा भाग आहे. प्रॉटेस्टंट प्रतीत ६६ पुस्तकं असतात, कॅथलिक प्रतीत ७३. शेजारी कॅथलिक कुटुंब असेल तर त्यांची प्रत एकदा मागून चाळून बघा. शक्य असेल तर दोन वेगळी भाषांतरं शेजारी ठेवा. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्ख्या बायबलचं मराठी भाषांतर केलं; १९२२ मध्ये त्या गेल्या आणि १९२४ मध्ये ते छापून आलं. मूळ भाषा शिकून शास्त्र स्वतः वाचण्याचा हक्क एका मराठी बाईने शंभर वर्षांपूर्वी घेतला, हे आपल्या मुलींना सांगायला हवं.

साधी दोनशेपानी वही पुरते. डावीकडच्या पानावर फक्त मजकुरात काय आहे ते लिहा: कोण बोलतो, कोणाशी, कुठे, काय घडतं. उजवीकडे तुम्हाला काय वाटलं आणि कुठे अडलं ते. ही दोन पानं वेगळी ठेवण्याची सवय लागली की प्रवचनात ऐकलेलं किती आणि पानावर छापलेलं किती, ते आपोआप कळायला लागतं.

पहिलं पुस्तक: मार्क

उत्पत्ती या पहिल्या पुस्तकापासून सुरू केलेले लोक लेवीय या नियमांच्या पुस्तकात जाऊन अडकतात. मार्काच्या शुभवर्तमानापासून, म्हणजे त्याने लिहिलेल्या येशूच्या कहाणीपासून, सुरू करा. सोळाच अध्याय आहेत. एका दुपारी, लाइट गेलेली असो की नसो, पूर्ण वाचून होतात. तुकडे न पाडता एका बैठकीत वाचा, कारण पहिल्यांदा ते तसंच ऐकवलं गेलं असणार. बहुतेक अभ्यासकांच्या मते चारही शुभवर्तमानांत हे सगळ्यात जुनं, साधारण इ.स. ७०च्या आसपासचं. मत्तय आणि लूक यांनी ते समोर ठेवून आपापलं लिहिलं.

मग जोड्या लावा. वधस्तंभावरचे येशूचे शेवटचे शब्द मार्क १५:३४ (म्हणजे पंधरावा अध्याय, चौतिसावं वचन), लूक २३:४६ आणि योहान १९:३० इथून वहीत एकाखाली एक उतरवा. मार्कात तो देवाने टाकलेला माणूस होऊन आक्रोश करतो. लूकात शांतपणे आत्मा पित्याच्या हाती देतो. योहानात ‘पूर्ण झाले’ म्हणतो. शुभ शुक्रवारच्या उपासनेत आपण हे सगळे उद्गार एका माळेत ओवतो. त्यात गैर काही नाही, पण त्यामुळे मार्कातली ती एकटी किंकाळी ऐकूच येत नाही. कर्जापायी घरचा माणूस गेलेल्या कुटुंबाला कदाचित तीच ऐकायची असते.

जुन्या करारातली, म्हणजे बायबलच्या येशूआधीच्या भागातली, एक जोडी: २ शमुवेल २४:१ आणि १ इतिहास २१:१. दाविदाला शिरगणती करायला कोणी प्रवृत्त केलं? पहिल्या ठिकाणी परमेश्वराने, दुसऱ्या ठिकाणी सैतानाने. इतिहासाचं पुस्तक नंतरचं आहे; देव माणसाला पापात ढकलतो हे तोवर लोकांना पटेनासं झालं होतं. म्हणजे देवाबद्दलची समज बदलत गेली आणि बायबलने ती बदललेली समज लपवली नाही. या एका जोडीवर एक अख्खी संध्याकाळ घालवा.

प्रती कशा तपासतात

‘बायबलच्या हस्तलिखितांत फरक आहेत’ असं म्हटलं की काही जणांना धक्का बसतो. मराठवाड्यातल्या माणसाला तो बसण्याचं कारण नाही. पैठणच्या एकनाथ महाराजांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीचे पाठ तपासून, नकलांमधून शिरलेले अपपाठ काढून शुद्ध प्रत सिद्ध केली. ज्ञानोबांवरच्या भक्तीपोटीच त्यांनी हे काम केलं. बायबलचे पाठचिकित्सक हेच करतात. चौथ्या शतकातल्या ज्या दोन मोठ्या ग्रीक प्रती आहेत, त्यांत मार्क १६:८ ला संपतो. स्त्रिया कबरेपासून घाबरून पळतात आणि कोणाला काही सांगत नाहीत. पुढची बारा वचनं नंतर जोडलेली. व्यभिचारात पकडलेल्या स्त्रीची गोष्ट (योहान ७:५३–८:११) सुद्धा जुन्या प्रतींत नाही. मग ती गाळावी का? मी म्हणेन, नाही. ती योहानाने लिहिलेली नसेल, पण तिच्यात दिसणारा येशू मार्क-लूकातल्या येशूला अनोळखी नाही. प्रत तपासणं आणि अर्थ लावणं ही दोन वेगळी कामं आहेत, एवढं ध्यानात ठेवा.

रूथ, सावकाश

पद्धत हातात बसवायची तर रूथचं चार अध्यायांचं पुस्तक घ्या. आपल्या भागातल्या वाचकाला ते समजावून सांगावं लागत नाही. पहिल्याच वचनात दुष्काळ आहे. बेथलेहेमातलं एक कुटुंब पोटासाठी गाव सोडून मवाब देशात जातं. तिथे घरातले तिघे पुरुष मरतात. नामी परत फिरते आणि तिची मवाबी सून रूथ तिला सोडत नाही. १९७२च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेली पिढी अजून आपल्या घरांत आहे. त्यांच्यापैकी कोणाला हा पहिला अध्याय वाचून दाखवा आणि ते काय म्हणतात ते उजव्या पानावर लिहा.

दुसऱ्या अध्यायात रूथ शेतात सरवा वेचायला जाते. कापणीनंतर पडलेली कणसं गरिबाने, परक्याने, विधवेने वेचावीत असा नियम लेवीय १९:९-१० आणि अनुवाद २४:१९-२१ मध्ये आहे (‘अनुवाद’ हे बायबलच्या पाचव्या पुस्तकाचं नाव). ती तिथली दया नव्हती, हक्क होता. आता ९व्या वचनावर थांबा. शेताचा मालक बवाज रूथला सांगतो की तुला हात लावू नका अशी ताकीद मी गड्यांना दिली आहे. २२व्या वचनात नामीही म्हणते, त्याच्याच बायकांबरोबर राहा, दुसऱ्याच्या शेतात कोणी तुला त्रास देईल. प्रवचनात ही गोड प्रेमकथा म्हणून येते. पण परक्या रानात एकटी बाई कामाला गेली की तिला कशाची धास्ती असते, हे लिहिणाऱ्याला पक्कं माहीत होतं. कापूस वेचायला, ऊस तोडायला जाणाऱ्या बायकांसमोर हे वाचलं की त्या दोन्ही वचनांवर न सांगता थांबतात.

आता संदर्भ लावा. अनुवाद २३:३ म्हणतं की अम्मोनी किंवा मवाबी माणसाने परमेश्वराच्या मंडळीत येऊ नये, दहाव्या पिढीपर्यंतसुद्धा. नहेम्या १३:१-३ मध्ये हाच नियम लोकांना वाचून दाखवला जातो आणि परक्या रक्ताच्या सगळ्यांना वेगळं काढलं जातं. आणि रूथचं पुस्तक संपतं कशावर? रूथपासून ओबेद, ओबेदापासून इशाय, इशायापासून दावीद. मवाबी बाईच्या तिसऱ्या पिढीत इस्राएलचा सगळ्यात लाडका राजा! मत्तयाने तर तिचं नाव येशूच्या वंशावळीत (१:५) घातलं.

रूथचं पुस्तक नेमकं कधी लिहिलं यावर अभ्यासकांचं एकमत नाही. काही जण ते यहूद्यांना कैद करून बाबेलला नेलं त्या बंदिवासानंतरचं, नहेम्या-एज्राच्या काळातल्या धोरणाला दिलेलं उत्तर मानतात, काही जण त्याआधीचं. तारीख कोणतीही धरा, एकाच ग्रंथात दोन मतं समोरासमोर उभी आहेत हे खरंच. एक म्हणतं, शुद्धतेसाठी परक्याला बाहेर ठेवा. दुसरं म्हणतं, त्या परकीनेच घर वाचवलं. बायबल ‘काय म्हणतं’ असं आपण विचारतो तेव्हा या वादात आपण कुठे उभे आहोत हेही सांगावं लागतं. ज्या मातीत कोण देवळात येईल, कोण पाणवठ्यावर येईल यावरून माणसं पिढ्यान्‌पिढ्या बाहेर ठेवली गेली, तिथल्या वाचकाने हा वाद बघ्यासारखा वाचू नये. मी रूथच्या बाजूने आहे, आणि येशूकडे पाहून आहे.

आपल्या जागेवरून वाचणं

मराठवाड्यातली बरीचशी ख्रिस्ती कुटुंबं दलित समाजातून आलेली आहेत. जालन्याजवळ नारायण शेषाद्रींनी एकोणिसाव्या शतकात बेथेल वसवलं, ते याच लोकांना घेऊन. तरी आपली प्रवचनं पुष्कळदा आपल्या इतिहासाबद्दल गप्प असतात. १९८०च्या दशकात बंगळूरुला शिकवणाऱ्या अरविंद निर्मल यांनी दलित ईशज्ञानाची, म्हणजे दलितांच्या जागेवरून देवाचा विचार करण्याची, मांडणी केली तेव्हा अनुवाद २६:५ हा त्यांचा आधार होता: ‘माझा मूळ पुरुष भटकणारा अरामी होता’ अशी तिथे कबुली आहे. इस्राएल आपलं हलाखीचं मूळ देवासमोर अभिमानाने बोलतो, तसं आपणही बोलायला हवं असं त्यांचं म्हणणं. उदारमतवादी अभ्यास आणि ही मुक्तिवादी दृष्टी एकच नव्हेत. पहिली विचारते, हे बुद्धीला पटतं का. दुसरी विचारते, हे कोणाच्या बाजूचं आहे. आपल्याला दोन्ही लागतात.

याचा सराव मत्तय २०:१-१६ वर करा. द्राक्षमळ्याचा मालक सकाळी, दुपारी, अगदी दिवस मावळायच्या तासभर आधीही बाजारात जाऊन मजूर आणतो आणि सगळ्यांना सारखाच एक दिनार देतो. संभाजीनगरच्या एका कॉटेज मीटिंगमध्ये, म्हणजे घरी भरणाऱ्या प्रार्थनासभेत, हा भाग वाचला तेव्हा पाळकांनी विचारलं, शेवटचे मजूर दिवसभर का थांबले असतील? आळशी असतील, असं एक जण म्हणाला. मागे बसलेल्या एक बाई म्हणाल्या, “अड्ड्यावर शेवटी कोण उरतं? म्हातारा उरतो, लंगडा उरतो, कडेवर लेकरू असलेली उरते. त्यांनाबी रात्री भाकर लागतीच की.” सातव्या वचनात मजुरांनी दिलेलं उत्तर तेच आहे: आम्हाला कोणी कामावर लावलं नाही. माझ्या शेल्फावरच्या एकाही टीकाग्रंथाने मला हे इतकं स्वच्छ सांगितलं नव्हतं.

पण तिथेच थांबू नका. मालक म्हणजे देवच, हे कोणी ठरवलं? काही अभ्यासक म्हणतात की हा गालीलातला खराखुरा जमीनदार आहे. तो मुद्दाम शेवटच्यांना आधी पैसे देतो, मजुरांत फूट पाडतो आणि ‘माझ्या पैशाचं मी काय वाटेल ते करीन’ म्हणतो. उचल घेऊन सहा महिने मुकादमाच्या शब्दावर राबणाऱ्या ऊसतोड कुटुंबाला हा अर्थही ओळखीचा वाटेल. मला पहिला अर्थ जास्त पटतो, कारण गोष्ट ‘स्वर्गाचे राज्य’ म्हणून सुरू होते. दुसऱ्याने मात्र मला आठव्या वचनातल्या कारभाऱ्याकडे पाहायला शिकवलं. दोन्ही अर्थ वहीत लिहा.

जखम करणारी वचनं

काही वचनं वाचून हात थांबतो: यहोशवात गावंच्या गावं मारण्याचे आदेश, स्तोत्र १३७चं शेवटचं वचन, स्त्रियांनी मंडळीत गप्प राहावं असं सांगणारी पत्रं. ही पानं उलटून पुढे जाऊ नका आणि ओढूनताणून समर्थनही करू नका.

तट कोसळला आणि सगळ्यांची कत्तल झाली असं यहोशवाचं पुस्तक ज्या यरीहोबद्दल सांगतं, त्याच्या ढिगाऱ्यात १९५०च्या दशकात कॅथलीन केनियन यांनी उत्खनन केलं. यहोशवाच्या मानल्या जाणाऱ्या काळात तिथे पडायला तटबंदीच नव्हती असा त्यांचा निष्कर्ष. म्हणजे ती कत्तल सांगितली तशी घडलीच नसण्याची शक्यता मोठी. पण ती देवाच्या नावाने अभिमानाने लिहिली गेली, हा प्रश्न उरतोच, आणि तो उरू द्यावा.

स्त्रियांच्या बाबतीत जोडी लावा. १ तीमथ्य २:१२ स्त्रीला शिकवायला मनाई करतं. रोमकरांस १६ मध्ये पौल फीबी या बाईला सेविका म्हणून गौरवतो, तर युनिया या बाईची गणना प्रेषितांत करतो. १ करिंथकर ११:५ मध्ये स्त्रिया सभेत उघड संदेश देतात हे त्याने गृहीत धरलं आहे. बहुतेक अभ्यासक तीमथ्याची पत्रं पौलानंतरच्या पिढीची मानतात. सुरुवातीच्या मंडळ्यांत स्त्रिया पुढे होत्या आणि नंतर त्यांना मागे बसवलं गेलं, असं चित्र त्यातून दिसतं. तुमच्या चर्चमध्ये बाई वेदीवर उभी राहण्यावरून कुरकुर झाली तर रोमकरांस १६ उघडा.

आणि मार्क ७:२४-३०. परकी बाई लेकीसाठी याचना करते आणि येशू मुलांची भाकर कुत्र्यांना टाकण्याबद्दल बोलतो. हे शब्द गोड करून सांगण्याचा फार प्रयत्न होतो. तो न करता वाचा. ती बाई माघार घेत नाही, उलट उत्तर देते, आणि तिच्या त्या बोलण्यामुळेच मुलगी बरी होते असं येशू स्वतः म्हणतो. शुभवर्तमानांत येशूला वादात जिंकणारी दुसरी व्यक्ती मला माहीत नाही.

दोन सावधगिरी

परुशी (येशूच्या काळचा नियम कसोशीने पाळणारा यहूदी गट) म्हणजे ढोंगी, यहूदी म्हणजे ख्रिस्ताचे मारेकरी, ही भाषा टाका. येशू यहूदी होता, त्याचे वाद घरातले होते, आणि या भाषेने युरोपात शतकानुशतकं रक्त सांडलं. दुसरं: येशूला आपल्यासारखा करून घेण्याचा मोह उदारमतवाद्यांनाही होतो. एकोणिसाव्या शतकातल्या येशूचरित्रकारांनी आपापलाच चेहरा त्याला कसा चढवला, हे आल्बर्ट श्वाइट्झर यांनी १९०६ मध्ये दाखवून दिलं. तुमचा येशू प्रत्येक बाबतीत तुमच्याशी सहमत व्हायला लागला की मार्क पुन्हा एकदा पहिल्यापासून वाचा.

गट आणि मंडळी

एकट्याने वाचन होतं, अभ्यास चार-सहा जणांत होतो. आठवड्यातून एकदा, तासभर, कोणाच्याही घरी. एकाने भाग मोठ्याने वाचायचा, मग दुसऱ्याने तोच पुन्हा. पहिली पंधरा मिनिटं फक्त डावं पान, म्हणजे मजकुरात काय आहे तेवढंच. अर्थ नंतर. सर्वांत कमी बोलणाऱ्याला, आणि शाळा कमी झालेल्याला, आधी बोलू द्या. शेवटी प्रार्थना करा. प्रश्न सुटलेला नसला तर तो सुटलेला नाही असंच देवाला सांगा.

पाळकसाहेबांपासून हे लपवू नका. पुष्कळ पाळकांनी धर्मशिक्षणाच्या कॉलेजात हे सगळं शिकलेलं असतं, पण मंडळी बिथरेल म्हणून व्यासपीठावर आणलेलं नसतं. “साहेब, आम्ही रूथ आणि अनुवाद २३ शेजारी ठेवून वाचतोय, एकदा येऊन बसा,” असं सरळ बोलवा. घरातल्या थोरांशी मात्र वाद जिंकायला जाऊ नका. ज्या आजीने स्तोत्र २३ म्हणत दुष्काळ काढला, तिला पाठभेद सांगून काय मिळणार? तिला ते स्तोत्र म्हणायला सांगा आणि तिच्या शेजारी बसून वहीत लिहून घ्या.

रूथ संपल्यावर यशया ५६:१-८ घ्या. अनुवाद २३ने ज्या दोघांना, षंढाला आणि परक्याला, दाराबाहेर ठेवलं, त्या दोघांना संदेष्टा तिथे नावं घेऊन आत बोलावतो. त्यानंतर प्रेषितांची कृत्ये ८:२६-४० वाचा. तिथे रथात बसलेला कूशी (आफ्रिकेतल्या कूश देशाचा) षंढ यशयाच वाचतो आहे, आणि त्याचे दोन प्रश्न डाव्या पानावर उतरवून घ्यायचे आहेत: ३१व्या वचनातला एक आणि ३६व्या वचनातला एक.